सुबाभूळ तोडायला बोलावलं, केशर आंबा वाळायला लागला. कंपनी हात वर करतेय, काय करावं?

अंगणवाला | ३ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो. आज गळ्याशी आलं म्हणून लिहायलोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमचं घर परभणीत, वसमत रोडच्या बाजूला. मागच्या अंगणात कंपाउंडला चिकटून दोन सुबाभळी होत्या. लावल्या कुणीच नाहीत, आपोआप आल्या. भिंतीला तडा गेला, वाळक्या शेंगा शेजाऱ्यांच्या टाकीत पडायच्या, त्यावरून वर्षाकाठी दोन-तीनदा बोलाचाली ठरलेली. दोनदा गड्याकडून तोडून घेतल्या, दोन्ही वेळा पावसाळ्यात बुडख्यातून पुन्हा हातभर धुमारे. त्या सुबाभळींपासून दहा-बारा फुटांवर वडिलांनी लावलेला केशर आंबा आहे. झाड सतरा वर्षांचं. वडील जाऊन चार वर्षं झाली.

फोनवर जाहिरात दिसली, "झाड काढून बुडखा कायमचा मारून मिळेल". कंपनी संभाजीनगरची. १४,००० ठरले, ५,००० आगाऊ दिले. १२ एप्रिलला एक सुपरवायझर आणि तीन पोरं आली. काम झपाट्यात केलं, त्याला नाव ठेवत नाही. बुडख्यांना ड्रिलने भोकं पाडून औषध ओतलं. उरलेलं औषध पंपात भरून भिंतीच्या कडेच्या गवतावर मारलं, म्हणे "ही फ्री सर्व्हिस". वेळ दुपारी एकची, ऊन कसलं होतं ते परभणीकरांना सांगायला नको.

सहाव्या दिवशी जास्वंदीची कोवळी पानं चोळामोळा झाल्यासारखी दिसायला लागली. शेवग्याचे शेंडे गाईच्या शेपटीसारखे वळले. आईची टोमॅटोची चार रोपं गेली. मग आंबा. नुकती फुटलेली पालवी पिळवटली आणि आठवड्यात शेंडे वाळत आले, तेही फक्त सुबाभळींकडच्या अंगाला. कैऱ्या गळाल्या. आईनं त्या टोपल्यात गोळा केल्या आणि तशाच उकिरड्यावर टाकल्या. लोणचं घालायची तिची हिंमत झाली नाही.

सुपरवायझरला फोटो पाठवले. त्याचं उत्तर: "आमचं औषध ग्लायफोसेट तणनाशक आहे दादा, मातीत पडलं की संपतं, इंटरनेटवर बघा. तुमच्या झाडाला उन्हाचा झटका बसलाय." वर राहिलेले ९,००० लगेच टाका, नाहीतर माणसं पाठवतो, असा दम. पैसे मी अडवून ठेवलेत. बिल एका चिठ्ठीवर आहे, त्यावर औषधाचं नाव नाही.

हे औषधानंच झालं हे सिद्ध कसं करायचं, आणि दाद कुठं मागायची? झाड वाचेल का, हे तर आई दिवसातून चारदा विचारतेय.

संपादक मंडळ | ३ मे, रात्री ११:१५

कंपनीचं नाव आणि फोन नंबर धाग्यातून काढला आहे. प्रतिसादांतही देऊ नये.

रोखठोक | ४ मे, सकाळी ७:५०

वाईट वाटलं, पण तिखट बोलतो. ग्लायफोसेट मातीच्या कणांना घट्ट चिकटतं आणि मुळांतून फारसं उचललं जात नाही, हे खरं आहे. तुमची तर काळी चिकणमाती. म्हणजे सुपरवायझर अगदीच थापा मारत नाही. दुसरं म्हणजे, इतकी वर्षं सुबाभळीच्या सावलीत असलेली बाजू ऐन एप्रिलात उघडी पडली. पानं करपणारच. आणि तिसरं, झाड तोडायची परवानगी काढली होती का?

कपाशीवाला | ४ मे, सकाळी ९:०५

मी मानवतचा, घरी कपाशी. अंगणवाले दादा, तीन गोष्टी सांगा. औषधाला वास कसला होता? पंपात पाणी टाकल्यावर ते नितळ राहिलं का दुधासारखं झालं? आणि जास्वंदीच्या नव्या पानाचा जवळून फोटो टाका, शिरा दिसल्या पाहिजेत.

जास्वंदी | ४ मे, सकाळी ९:३०

फोटो बघून पोटात तुटलं. काकूंना सांगा, जास्वंद लगेच छाटू नका. जून सरेपर्यंत थांबा.

अंगणवाला | ४ मे, दुपारी १:२०

@रोखठोक, परवानगी नव्हती. "ते आम्ही बघून घेतो" म्हणाले आणि मी मान डोलावली. चूक माझी आहे, लपवत नाही.

@कपाशीवाला, मी तेव्हा बँकेत होतो. आईला विचारलं. ती म्हणाली, डिझेलचा वास होता, आणि त्यात दवाखान्यात येतो तसला फिनेलचा वास. पाणी कसं होतं म्हटल्यावर क्षणाचाही विचार न करता म्हणाली, "ताकासारखं. पोरगं काडीनं ढवळत होतं, तर मला वाटलं पोरं ताकच प्यायलीत." फोटो खाली जोडलाय.

कपाशीवाला | ४ मे, दुपारी २:१०

मग ते ग्लायफोसेट नव्हं.

सांगतो कसं. बाजारातलं ग्लायफोसेट म्हणजे ४१ टक्के एस.एल., म्हणजे पाण्यात विरघळणारं द्रव, त्यानं पाणी पांढरं होत नाही. दुधासारखं पाणी ई.सी., म्हणजे तेलकट औषधाचं होतं. फिनेलसारखा वास, वरून डिझेल, आणि तुमच्या जास्वंदीची पानं, ही सगळी टूफोरडी या तणनाशकाची लक्षणं. वेड्या बाभळीचे बुडखे मारायला डिझेलमध्ये टूफोरडी आमच्याकडे बांधाबांधावर चालतं.

जास्वंद आणि कपाशी एका कुळातल्या. पानाच्या शिरा एकमेकींजवळ येऊन पंख्यासारख्या झाल्यात बघा, मधलं पान आखडलंय. कपाशीत याला आम्ही "पानं भेंडीवानी झाली" म्हणतो. शेजारच्यानं ज्वारीत, नाहीतर ऊसात टूफोरडी मारलं आणि वारं आमच्याकडं असलं की चार-पाच दिवसांत प्लॉट असा दिसतो. माझं सव्वा एकर एकदा असं गेलंय. शेजारी माझा चुलतभाऊच, भांडू कुणाशी? पंप तोच वापरला अन् नीट धुतला नाही, तरीसुद्धा होतं हे. तुमच्याकडं कोणतं झालं ते शोधा.

निवृत्त कृषी | ४ मे, सायंकाळी ६:४५

कपाशीवाल्यांचं निदान मला पटतं. थोडी भर घालतो, नोकरीत हेच केलं.

२,४-डी, म्हणजेच टूफोरडी, तीन रूपांत मिळतं: सोडियम क्षार ८० टक्के भुकटी, अमाइन क्षार ५८ टक्के एस.एल., आणि एथिल एस्टर ३८ टक्के ई.सी. यांपैकी एस्टर उडून जाणारं आहे. थेंब जमिनीवर पडल्यावरही उन्हात त्याची वाफ होत राहते आणि वाऱ्यानं शेजारच्या रुंदपानी झाडांवर जाते. दुपारी एक वाजता, एप्रिलमध्ये, तापलेल्या भिंतीच्या कडेला एस्टर फवारणं म्हणजे चुलीवर ठेवण्यासारखंच आहे. हे द्रव्य झाडाच्या वाढीच्या संप्रेरकाची नक्कल करतं. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, म्हणून पीळ पडतो आणि कोवळा भाग आधी जातो. ग्लायफोसेटनं पान पिवळं पडून वाळतं, असा पीळ सहसा पडत नाही.

रोखठोक यांचा उन्हाचा मुद्दा निकाली काढावा लागेल. उन्हानं पान करपतं, तपकिरी चट्टे पडतात. पिळवटत नाही. शिवाय जास्वंद आणि टोमॅटो आधीपासून उन्हातच होते ना?

अंगणवाला | ४ मे, सायंकाळी ७:१०

होय, दोन्ही उन्हातच.

कपाशीवाला | ४ मे, रात्री ८:००

एक सोपी परीक्षा करा, पैसा लागत नाही. सहा कुंड्या घ्या. दोनमध्ये बुडख्याजवळची माती, दोनमध्ये आंब्याच्या आळ्यातली, दोनमध्ये पुढच्या अंगणातली चांगली माती. सगळ्यांत मूग आणि थोडी सरकी लावा. पाणी सारखंच द्या. रोज फोटो काढा, तारीख दिसली पाहिजे. मूग चार दिवसांत सांगतो काय ते.

पाटीलबुवा पुणेवाले | ५ मे, सकाळी ११:००

एवढं सगळं करण्यापेक्षा ९,००० बुडवले ना, तेच नुकसानभरपाई समजा. सतरा वर्षांच्या आंब्यापेक्षा मनस्ताप महाग. नर्सरीतून मोठं झाड आणून लावा.

गंगाथडी | ५ मे, दुपारी १२:१५

पाटीलबुवा, वडिलांनी लावलेलं झाड नर्सरीत मिळत नाही.

मला दुसरंच खटकलं. त्या पोरांच्या हातात मोजे होते का? २०१७ साली यवतमाळकडं फवारणीत माणसं दगावली, तेव्हा चार दिवस सगळ्यांना मोजे-मास्क आठवले होते.

अंगणवाला | ५ मे, रात्री ९:३०

नव्हते. आई सांगते, सगळ्यात लहान पोरगं हातानंच बूच दाबत होतं. तिनं साबण दिला, जेवायच्या आधी हात धुवायला लावले. मी आंब्याच्या नादात हे लिहायचंच विसरलो, वाचताना लाज वाटली.

कायदा-कानून | ६ मे, सकाळी १०:२०

वकील आहे, पण हा सल्ला फुकटचा, तेवढ्याच किमतीचा धरा.

पैसे देऊन सेवा घेतलीत, म्हणजे तुम्ही ग्राहक. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी संभाजीनगरची असली तरी तुम्हाला परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगाची पायरी पुरे. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं, पण पुरावा दोन वर्षं थांबणार नाही. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून दाखल करता येईल. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन लावून बघा, कधीकधी तेवढ्यानंही कंपन्या नरमतात.

त्याआधी आजच्या आज करायचं ते सांगतो. बुडख्याला आणि भिंतीकडेला हात लावू नका. दोन शेजारी घेऊन पंचनाम्यासारखं लिहून काढा आणि सह्या घ्या. कंपनीला लेखी विचारा: कोणतं औषध, कोणती बॅच, कुणाकडून घेतलं, फवारणाऱ्याकडं परवाना आहे का. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढली होती, ग्लायफोसेट पेस्ट कंट्रोल ऑपरेटरशिवाय कुणी वापरू नये म्हणून. म्हणजे त्यांनी "होय, ग्लायफोसेटच" म्हटलं तर परवान्याचा प्रश्न, आणि "नाही" म्हटलं तर आजवर खोटं का सांगितलं हा प्रश्न. दोन्हीकडून अडकतात.

आता कडू गोळी. शहरी भागात १९७५ चा झाडांचे जतन करण्याचा कायदा लागू आहे, परवानगीशिवाय तोड करता येत नाही. समोरचा वकील पहिल्याच तारखेला हे काढणार. त्यामुळं हे आपण होऊन सांगा. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडं स्वतः अर्ज करा. तुमचा दोष वेगळा, त्यांच्या सेवेतली कसूर वेगळी. एक दुसऱ्याला झाकत नाही.

आणि ते ९,००० का देत नाही हे नोटिशीत कारणासह लिहा. नुसते अडवून बसलात तर उलटा दावा येईल.

अंगणवाला | १३ मे, रात्री १०:०५

कुंड्यांचा निकाल. ६ तारखेला पेरलं होतं. पुढच्या अंगणातली माती: मूग तरारून. आंब्याच्या आळ्यातली: तितकाच छान, मला धक्काच बसला. बुडख्याजवळची: अर्धे उगवलेच नाहीत, जे उगवले त्यांचे देठ पिळवटून जमिनीला टेकलेत. सरकीनं तर तिथं तोंडच वर काढलं नाही. याचा अर्थ काय घ्यायचा? आंब्याला काही झालंच नाही?

निवृत्त कृषी | १३ मे, रात्री १०:५०

उलट गुंता सुटला. आंब्याखालची माती चांगली, म्हणजे औषध मुळांवाटे गेलेलं नाही. वरून, हवेतून आलं. सुबाभळींकडचीच बाजू का वाळली, याचंही उत्तर मिळालं. "आमचं औषध मातीत संपतं" हा कंपनीचा बचाव मातीपुरताच राहतो. झाड तर वाऱ्यानं गेलंय.

एक सावधगिरी. बुडख्याजवळची उगवण डिझेलमुळंही मार खाते. पण डिझेलनं पीळ पडत नाही, तेव्हा तो पीळ महत्त्वाचा. आयोगापुढं कुंड्या हा पुरावा फारसा टिकणार नाही. वाळलेल्या फांदीवरची पानं फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये टाका आणि अवशेष तपासणाऱ्या एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत द्या. "२,४-डी तपासा" असं नाव घेऊन सांगा. नुसतं "विष आहे का बघा" म्हटलं तर ते काय शोधणार? २,४-डी तसं टिकाऊ नाही, ओल्या जिवंत मातीत दहा-बारा दिवसांत अर्धं होतं. कोरड्या मातीत जिवाणूंचं काम थंडावतं म्हणून तुमच्याकडं इतके दिवस राहिलं. वळवाचा पाऊस पडायच्या आत मातीचाही नमुना काढा.

रोखठोक | १४ मे, सकाळी ८:१५

उन्हाचा मुद्दा मागे घेतो. परवानगीचा नाही.

अंगणवाला | १९ मे, रात्री ११:३०

मंडळी, पुरावा घरातच होता. झाड पडतानाचा व्हिडिओ बायकोनं नणंदेला पाठवायला काढला होता. त्यात शेवटी तीन सेकंद ओट्यावरचा पांढरा डबा दिसतो. नाव बोटांनी झाकलंय, पण खालची ओळ थांबवून, मोठी करून वाचता येते: "३८% ई.सी."

कपाशीवाला | १९ मे, रात्री ११:३८

आईसाहेबांच्या ताकाला माझा दंडवत.

कायदा-कानून | २० मे, सकाळी ९:००

मूळ फाइल त्याच मोबाइलमध्ये राहू द्या. व्हॉट्सअॅपवरून आलेली प्रत नको, त्यात तारीख-वेळ गळते. मोबाइल बदलायचा विचार असेल तर पुढे ढकला.

अंगणवाला | २७ जून, रात्री ९:४५

उशीर झाला, माफी. मधल्या काळात कृषी खात्याच्या एका कार्यालयात गेलो. साहेब सज्जन, पण म्हणाले, "शेत असतं तर पंचनाम्याला आलो असतो, हे अंगण आहे." सातबारा नसलेल्या आंब्याला कुणी वाली नाही, असं दिसतंय. वृक्ष अधिकाऱ्याकडं अर्ज दिला, दोन्ही झाडांची माहिती दिली. दंड होईल तो भरेन. प्रयोगशाळेचा अहवाल आला: बुडख्याच्या मातीत २,४-डी सापडलं, पानांत अगदी थोडं.

नोटीस रजिस्टर पोस्टानं गेली. आठव्या दिवशी सुपरवायझरचा फोन. भाषा एकदम बदललेली: "दादा, ९,००० सोडून देऊ, वर दोन केशरची कलमं आणून लावून देतो." कोणतं औषध होतं ते लेखी द्या म्हटलं, तर फोन कट.

मग मी त्या लहान पोराला शोधलं. नंबर आईकडं होता, कारण तिनं त्याला रात्री हाताची आग होते का विचारायला घेऊन ठेवला होता. तो सरळ बोलला: डबा रस्त्यातल्या दुकानातून घेतला, "सुबाभळीला हेच लागतं" असं दुकानदार म्हणाला, ग्लायफोसेट त्यानं कधी बघितलेलंसुद्धा नाही. लिहून देशील का विचारलं. बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "काका, मग मला कामावर कोण ठेवील?" मी पुन्हा विचारलं नाही. तक्रारीत त्याचा उल्लेख केलेला नाही.

कायदा-कानून | २८ जून, सकाळी १०:१०

माझ्यातला वकील म्हणतो, चांगला साक्षीदार सोडलात. बाकीचा मी काही म्हणत नाही. व्हिडिओ आणि अहवाल पुरेसा आहे, दाखल करा.

जास्वंदी | २८ जून, सकाळी १०:३०

पण आंबा कसा आहे ते सांगा ना!

अंगणवाला | २८ जून, रात्री ८:२०

तेच लिहायचं राहिलं. भिंतीकडच्या तीन फांद्या वाळल्यात, सालीखाली नखानं खरवडलं तर तपकिरी लागतं. उरलेल्या भागाला पावसानंतर पालवी आली. पहिली जरा वेडीवाकडी, लांबुळकी. आता जी फुटायलीय ती नीट दिसते. शेजारी युरिया टाका म्हणतात, शिवाय चुलीतला कोळसा टाकला की विष ओढून घेतो म्हणतात.

निवृत्त कृषी | २८ जून, रात्री ९:१५

दोन्ही करू नका. युरियानं कोवळी फूट जबरदस्तीनं निघते आणि झाड आणखी दमतं. विष ओढणारा कोळसा वेगळा असतो, खास तयार केलेला. चुलीतल्या कोळशानं ते काम होत नाही, आणि तुमच्या आंब्याखालची माती तशीही चांगलीच आहे. शेणखत आणि पालापाचोळ्याचं आच्छादन पुरे. वाळलेल्या फांद्या पावसाची उघडीप बघून जिवंत लाकडापर्यंत कापा आणि कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावा. आता फुटलेली पालवी नीट आहे, म्हणजे झाडानं ते पचवलंय.

अंगणवाला | १७ ऑगस्ट, रात्री १०:००

तक्रार दाखल झाली. मागणी ८५,०००: आंबा, बाकी झाडं, तपासणीचा खर्च आणि मनस्ताप धरून. आंब्याची किंमत कशी काढायची यावर दोन रात्री गेल्या. भूसंपादनात फळझाडांचं मूल्य वय आणि उत्पन्नावर काढतात, तसंच केलं. पण वडिलांचं काय लावायचं ते कुठल्या रकान्यात बसेना, ते सोडून दिलं. पुढची तारीख पडलीय. कंपनीचा माणूस मध्यस्थीला तयार आहे म्हणे, बघू.

सुबाभळीचा एक बुडखा मेला. दुसऱ्याला परवा धुमारा आलाय. हसावं का रडावं!

रोखठोक | १७ ऑगस्ट, रात्री १०:२०

तो धुमाराही फाइलला लावा. "कायमचा मारून मिळेल" हेही खोटं निघालं की.

कपाशीवाला | १८ ऑगस्ट, सकाळी ७:३०

दादा, त्या तीन फांद्या कापल्या तिथं नवी फूट येईल. औंदा काही करू नका. पुढच्या पावसाळ्यात मी येतो, माझ्या केशरच्या काड्या घेऊन. तुमच्याच झाडाच्या काड्या निघाल्या तर अजून उत्तम, वडिलांचंच वाण राहील. पाचर कलम मी बांधतो, चहा आईच्या हातचा.

अंगणवाला | १८ ऑगस्ट, रात्री ८:४५

या, नक्की या. आई म्हणतेय ताकच देते.

@निवृत्त कृषी, तिचा एक प्रश्न आहे, सकाळपासून मागं लागलीय. पुढच्या वर्षी आल्या तर त्या कैऱ्या लोणच्याला चालतील का?

निवृत्त कृषी | १८ ऑगस्ट, रात्री ९:०५

चालतील. बरणी धुऊन ठेवा म्हणावं.